देश हिरवा होतोय का हे मोजायचं कसं? पोहरा नको, आड बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की २०२२ साली येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या पर्यावरण कामगिरीच्या यादीत, म्हणजे ईपीआयमध्ये, आपला नंबर १८० देशांत १८०वा लागला, आणि २०२५च्या मध्यावर सरकारनं जाहीर केलं की २०३०चं बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून इतर, विजेचं टार्गेट आपण पाच वर्षं आधीच गाठलं, तर मुलाखतीत कुणी विचारलं की भारत हरित अर्थव्यवस्थेकडे चाललाय का, तर सांगायचं काय आणि धरून ठेवावा असा एक आकडा कुठला?

असा एक आकडा नाही गं. वीसेक वर्षं मी हेच हिशेब करतोय आणि जो माणूस एकच आकडा पुढे करतो तो बहुतेक वेळा काहीतरी विकत असतो, रिपोर्ट तरी, सोलर पॅनेल तरी, नाहीतर मतं मागायला आलेला असतो. पण तुझ्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, खोटं कुणीच बोलत नाहीये, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं ते कळलं की अर्धं काम झालं.

आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. जीडीपी पोहरा मोजतो. वर्षभरात पोहरा किती वेळा भरून वर आला तेवढंच. आडातलं पाणी किती हात खाली गेलं हे तो बघतच नाही, त्याचं ते कामच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचं गणित ज्यानं उभं केलं त्या सायमन कुझनेट्सनं १९३४ सालीच अमेरिकन काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावून ठेवलं होतं की ह्या आकड्यावरून देशाचं कल्याण ओळखायला जाऊ नका, पण ती ओळ कुणी लक्षात ठेवली नाही, आकडा मात्र सगळ्यांनी उचलला.

पुण्यात राहतेस म्हणून टँकरचंच उदाहरण घे. वाघोली, उंड्री, बाणेरच्या पुढच्या भागातल्या सोसायट्या बघ, मार्च लागला की गेटबाहेर टँकरची रांग. टँकरवाल्याची कमाई जीडीपीत, डिझेल जीडीपीत, बोअर आणखी खोल नेणाऱ्याची मजुरी जीडीपीत, आणि पाणी खराब म्हणून घरात आरओ बसवला तर तोसुद्धा जीडीपीत. जमिनीखालचं पाणी मात्र कुणाच्याच वहीत नव्हतं त्यामुळं ते संपलं तरी वजा काही होत नाही. म्हणजे पाणी संपत चाललंय आणि कागदावर शहर श्रीमंत होतंय. घरातलं सोनं मोडून दिवाळी केली आणि म्हटलं यंदा उत्पन्न वाढलं, तसला प्रकार. घरात हे आज्जीला लगेच कळतं, देशाच्या हिशेबात ते कळायला आपल्याला नव्वद वर्षं लागली.

नव्वद का म्हटलं, तर मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं राष्ट्रीय लेख्यांची, म्हणजे देशाच्या जमाखर्चाची, जी नवी पद्धत मंजूर केली, तिच्यात पहिल्यांदा नैसर्गिक साधनांची झीज हा उत्पादनाचा खर्च धरलाय. कोळसा उपसला, लोहखनिज काढलं, तर तेवढं निव्वळ उत्पादनातून वजा करायचं. जीडीपी तसाच राहील, पण त्यातून घसारा वजा करून येणारा निव्वळ आकडा आहे ना, एनडीपी, तो खाली येईल. देशांनी हे साधारण २०२९-३०च्या सुमारास लागू करायचंय. परीक्षेच्या नोट्समध्ये हे अजून आलेलं नसेल, तू लिहून ठेव.

त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची पद्धत, एसईईए म्हणतात ती, २०१२ मध्ये मान्य झाली आणि परिसंस्थांच्या हिशेबाचा तिचा भाग २०२१ मध्ये. जागतिक बँकेचा समायोजित निव्वळ बचतीचा निर्देशक तर त्याहून जुना, आणि मला विचारशील तर विद्यार्थ्याला शिकवायला सगळ्यात सोपा तोच. देशाची एकूण बचत घ्यायची, यंत्रं-इमारतींचा घसारा काढायचा, शिक्षणावरचा खर्च मिळवायचा कारण पोरांना शिकवणं ही गुंतवणूक आहे, मग ऊर्जा, खनिजं आणि जंगल जेवढं खाल्लं ते वजा, प्रदूषणाचं नुकसान वजा. उरलेला आकडा सतत उणे येत असेल तर तो देश भांडवल मोडून खातोय, मग जीडीपी कितीही धावू दे. ह्याचाच मोठा भाऊ म्हणजे समावेशक संपत्ती. मानवनिर्मित भांडवल, माणसं आणि निसर्ग, तिन्ही खाती एकत्र. अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्तांनी ब्रिटनच्या ट्रेझरीसाठी, म्हणजे अर्थखात्यासाठी, २०२१ मध्ये जो अहवाल दिला त्यातला आकडा मी गेली काही वर्षं प्रत्येक भाषणात वापरतो, की १९९२ ते २०१४ ह्या काळात जगात दरडोई मानवनिर्मित भांडवल दुप्पट झालं, मानवी भांडवल १३ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि नैसर्गिक भांडवल जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. बाकी काही विसरलीस तरी हे तीन आकडे विसरू नको.

दासगुप्तांचा आपल्याशीही संबंध आहे, भारताच्या हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१३ मध्ये दिला. तेव्हा आमच्या वर्तुळात वाटत होतं की झालं, आता पाच वर्षांत हिरवा जीडीपी, म्हणजे निसर्गाचं नुकसान वजा केलेला, येणार. तो आला नाही. पण त्यातूनच पुढं सांख्यिकी मंत्रालयानं २०१८ पासून एन्व्हीस्टॅट्स इंडिया काढायला सुरुवात केली, त्यात एसईईएच्या चौकटीत बसणारे आपले लेखे असतात, जमीन, जंगल, पाणी वगैरे. कोरडं वाचन आहे, पण काम प्रामाणिक आहे.

हिरवा जीडीपी का येत नाही ह्याचं उत्तर चीनकडे बघितलं की कळतं. २००४ सालाचा हिशेब त्यांनी सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर केला, प्रदूषणाचं नुकसान ५११.८ अब्ज युआन, जीडीपीच्या ३.०५ टक्के, आणि तेही सगळ्या प्रकारचं नुकसान न धरता. पुढच्या वर्षीचा हिशेब प्रांतांच्या विरोधात अडकला, कारण तिथल्या अधिकाऱ्यांची बढती विकासदरावर, आणि कुणालाच आपला दर कमी दिसायला नको होता. आपण हसायचं कारण नाही. जागतिक बँकेच्या एका अभ्यासात २००९ सालासाठी भारताचं असं नुकसान जीडीपीच्या ५.७ टक्के निघालं होतं, म्हणजे त्या काळचा जो विकासदर आपण मिरवत होतो त्याचा बराच मोठा तुकडा. तेही अर्थात अंदाजच आहेत, माणसाच्या आजारपणाला, मरणाला रुपयात किंमत लावावी लागते तिथं आम्हा लोकांची भांडणं कधीच संपत नाहीत, आणि माझ्या मते ह्याच कारणासाठी सगळं एका रुपयाच्या आकड्यात कोंबायचा हट्ट सोडावा.

आता ईपीआयकडे ये. २०२२च्या त्या यादीत हवामानबदलाला ३८ टक्के वजन होतं, आणि त्यातला मोठा हिस्सा एका निर्देशकाचा, की गेल्या दहा वर्षांचा उत्सर्जनाचा कल तसाच पुढं नेला तर २०५० मध्ये हा देश कुठं असेल. जो देश आत्ताच कुठं गरिबीतून वर येतोय, घराघरात वीज पोचवतोय, त्याचं उत्सर्जन दहा वर्षांत वाढलेलंच असणार, मग ती रेघ ओढत २०५० पर्यंत नेली की तो खलनायक. डेन्मार्क पहिला. पर्यावरण मंत्रालयानं तेव्हा आठवडाभरात निवेदन काढून नेमकं हेच म्हटलं आणि ह्या मुद्द्यावर मंत्रालयाचं बरोबर होतं. पण हवेच्या बाबतीत आपण त्या यादीत तळाजवळ होतो, ते कुठल्याही पद्धतीनं मोजलं तरी तळाजवळच येणार, त्यावर निवेदन काढून उपयोग नाही. आणि २०२४ मध्ये पद्धत बदलली, निर्देशक ४० चे ५८ झाले, आपण १७६वे आलो. चार पायऱ्या चढलो की पट्टी बदलली? दोन्ही थोडं थोडं, आणि वेगळं काढता येत नाही, हाच तर क्रमवारीचा रोग आहे.

घरचं उदाहरण पण देतो म्हणजे पक्षपात नको. नीती आयोगाचा शाश्वत विकासाचा निर्देशांक २०१८ मध्ये ५७ होता, २०२३-२४ मध्ये ७१. छान वाटतं. पण पहिल्या वेळी ६२ निर्देशक होते, मग १००, मग ११५, आता ११३. दहावीला विषय बदलत ठेवले आणि म्हटलं टक्के वाढले, तर तुझी आई तरी मान्य करेल का.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी जिल्ह्यांचा हरित निर्देशांक करायचं काम होतं, आम्ही तिघंजण रात्री उशिरापर्यंत एक्सेल घेऊन बसायचो, पहिला मसुदा गेला आणि वरून फोन आला की अमुक जिल्हा इतका खाली कसा. तिथं पाण्याचं वजन थोडं कमी आणि वृक्ष लागवडीचं थोडं जास्त केलं, तो जिल्हा सात नंबर वर आला. आम्ही एकही आकडा खोटा टाकला नाही, फक्त वजनं हलवली. त्या दिवसापासून मी कुठलाही निर्देशांक हातात आला की आधी शेवटचं पान उघडतो, वजनांचं. आणि ती लागवड म्हणजे सुद्धा लावलेली रोपं, जगलेली नव्हे.

तुझी दुसरी बातमी, विजेची. खरी आहे, २०२५च्या मध्यावर आपल्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा ५० टक्क्यांवर गेला, साधारण ४८५ गिगावॉटपैकी २४३. साधी गोष्ट नाही ही. पण शब्द बघ, स्थापित क्षमता. सोलर प्लांट वर्षभराच्या सरासरीत आपल्या क्षमतेच्या वीसेक टक्के वीज देतो, रात्री शून्य, श्रावणात बघायलाच नको, आणि कोळशाचं स्टेशन साठ-सत्तर टक्क्यांनी चालतं. म्हणून क्षमतेत अर्धा वाटा असूनही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. लग्नात हॉल पाचशे खुर्च्यांचा आणि जेवून गेले दीडशे, तर केटररला पैसे कशाचे देशील? ताटांचे. देशाचं पण ताटं मोजून बघ. हाच खेळ नदीचा आहे, मैलाशुद्धीकरण केंद्रांची क्षमता किती हे विचारू नको, मुठेच्या पुलावर उभी राहून नाक सांगेल ते आणि पाण्याच्या नमुन्यातला बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, बघ.

तिसरी गोष्ट भागाकाराची. आपण २००५ ते २०२० मध्ये उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी केली, २०३० पर्यंत ४५ टक्के करायचंय, आणि होईलही. तीव्रता म्हणजे दर रुपयाच्या जीडीपीमागे किती उत्सर्जन. माझी जुनी स्कूटर लिटरला ४० द्यायची आणि मी महिन्याला ४०० किलोमीटर फिरायचो, १० लिटर. नवी ५० देते, पण घर लांब गेलं, आता ८०० फिरतो, १६ लिटर. तीव्रता २० टक्क्यांनी कमी, पेट्रोल ६० टक्क्यांनी जास्त. ह्याला सापेक्ष विलगीकरण म्हणतात, डिकपलिंग, आणि निरपेक्ष तेव्हा जेव्हा लिटरच कमी होतील. हवेला लिटर कळतात, अ‍ॅव्हरेज कळत नाही. आता हेही खरं की ज्याच्याकडे स्कूटरच नव्हती त्याला स्कूटर मिळणं हा विकास आहे, आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्याही खाली आहे, त्यामुळं आज भारताला निरपेक्षच्या कसोटीवर नापास करणं मला पटत नाही. पण तीव्रतेच्या आकड्यावर पेढे वाटणंही पटत नाही.

जंगलाबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार. २०२३च्या वन अहवालात भारताचं वन आणि वृक्ष आच्छादन २५.१७ टक्के. आता व्याख्या वाच, एक हेक्टरच्या वर जागा आणि झाडोऱ्याची सावली १० टक्क्यांच्या वर, की झालं वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, जमीन कशासाठी वापरतात, काही बघायचं नाही. आंब्याची बाग, नारळाची वाडी, निलगिरीची लागवड, सगळं त्यात बसतं. उपग्रहाला हिरवं दिसतं. आपल्या टेकड्यांवर मैलभर ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आणलेलं झाड, लावलाय, पावसाळ्यात काय हिरवं दिसतं, खाली गवत उगवत नाही आणि पक्षीवाल्यांना विचार ते काय म्हणतात.

आणि ह्याच्या उलट बाजू बघायची असेल तर सुप्याला जा, बारामती तालुक्यात, मयूरेश्वर अभयारण्य. चिंकारा तिथं आहे, आसपासच्या माळांवर लांडगा आहे. सासवडपासून तिकडं सगळी ही गवताळ कुरणं, धनगरांच्या मेंढ्या शेकडो वर्षं त्यावर. सरकारी नकाशात ह्यातली बरीचशी जमीन पडीक म्हणून नोंदलेली असते. म्हणजे माळ जसा आहे तसा जपला तर निर्देशांकात शून्य, त्यावर झाडं लावली तर वनाच्छादन वाढलं, सोलर पार्क टाकला तर हरित ऊर्जा वाढली. दोन्हीकडून गुण, आणि लांडगा गेला तो कुठल्या रकान्यात लिहायचा हे कुणालाच माहीत नाही. मी सोलरच्या विरोधात नाही, अजिबात नाही, छपरं आहेत, गोदामं आहेत, जागा बघून टाका एवढंच. पण मोजमापानंच जर माळाला पडीक म्हटलं तर जागा बघणारा माणूस तिथंच येणार.

रकान्यावरून आठवलं. कचऱ्याच्या पुनर्वापराचे जागतिक आकडे येतात तेव्हा आपण नेहमी गरीब दिसतो, कारण नगरपालिकांकडून आलेले आकडे. आपला खरा पुनर्वापर भंगारवाल्याकडे होतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातून पुढं स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, तीन हजारांहून जास्त लोक, बहुतेक बायका, दारोदार जाऊन कचरा घेतात आणि हातानं वेगळा करतात. ह्यांच्या कामाला हरित रोजगार म्हणायचं तर त्यांचं उत्पन्न, तब्येत, विमा हे पण मोजायला लागेल, नुसता टनांचा आकडा चालणार नाही. हरित अर्थव्यवस्थेची संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाची २०११ची व्याख्या पण हेच सांगते, माणसांचं भलं आणि समन्याय आधी, मग पर्यावरणाचा धोका कमी करणं. समन्याय हा शब्द नोट्समध्ये असतो, तक्त्यात नसतो.

मागच्या वर्षी भोसरीतल्या एका नट-बोल्टवाल्यानं बोलावलं होतं, माल युरोपला जातो. युरोपनं सीमेवर कार्बन कराची व्यवस्था आणलीये, ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग लागू, आणि लोखंड-पोलादाबरोबर नट-बोल्टसुद्धा यादीत आहेत. त्याला किलोमागे किती कार्बन ते भरून द्यायचं होतं आणि अख्ख्या शेडला विजेचा मीटर एकच. भट्टी किती खाते, प्रेस किती खाते, काही पत्ता नाही. हे तुला का सांगतोय, तर देशाच्या आकड्यातही हाच प्रश्न आहे, भोसरीत निघालेला धूर भारताच्या खात्यात आणि बोल्ट जर्मनीच्या गाडीत. उत्पादनाच्या जागी मोजलं तर युरोप स्वच्छ दिसतो, वापराच्या जागी मोजलं तर तितका नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही श्रीमंत देशाचं कौतुक करू नको.

तर मुलाखतीत काय सांगायचं. मला विचारलंस तर २०१७ मध्ये पेज ह्या संयुक्त राष्ट्रांच्या पाच संस्थांच्या भागीदारीनं जी चौकट मांडली ती सांग, कारण ती नंबर लावायच्या आधी हे बघते की हा देश स्वतः कुठून निघाला, स्वतःच्या टार्गेटच्या किती जवळ आला, आणि जिथं धोक्याची रेघ जवळ आहे तिथं वजन जास्त. शिवाय सोबत एक वेगळा डॅशबोर्ड, आडातल्या पाण्याचा, संपत्ती, पाणी, जमीन, उत्सर्जन, ज्याची प्रगतीच्या आकड्यात सरमिसळ करत नाहीत. गाडीत स्पीड आणि पेट्रोलचा काटा वेगळे असतात, दोघांची सरासरी काढून कुणी गाडी चालवत नाही. तिच्यातही खोट आहे, टार्गेटच सोपं ठेवलं तर प्रगती जोरात दिसते, आणि ते विचारलं तर मोकळेपणानं सांग.

मग भारताबद्दल: विजेत वेग चांगला, तीव्रता घटतेय, एकूण उत्सर्जन अजून चढतंय, हवा वाईट, भूजल आणि माळरानं हिशेबाबाहेर. एवढं तीस सेकंदात बोलता येतं, मी घड्याळ लावून बघितलंय. सोबत एन्व्हीस्टॅट्सचे दोन-तीन वर्षांचे खंड चाळून जा, पण अभ्यासिकेच्या वायफायवर उघडत बसू नको, पीडीएफ अवाढव्य आहेत, घरून पेनड्राइव्हवर घेऊन ये.